जैतुनचे अठरा रोजे

रोजा सोडायच्या आधी दहा मिनिटं माझी बायको जैतुन खजूर मुठीत धरून बसायची. ताटात ठेवायची नाही. उजवी मूठ मांडीवर, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. अजान झाली की मूठ उघडायची. तोवर खजूर गरम आणि मऊ झालेला असायचा. मी एकदा म्हणालो, "पळून जातोय व्हय तो?" तर म्हणाली, "खजूर कुठं पळतोय. मन पळतं. त्याला धरलंय."

मी चौथीपर्यंत शिकलो. शिरूरला नगर रस्त्याच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान होतं, सारी उमर त्यात गेली. मुसलमानाच्या घरात जन्मलो, ईदची नमाज कधी चुकवली नाही, पण रोजा मला कधी जमला नाही. ट्रकवाला गाडी जॅकवर चढवून उन्हात उभा असतो, त्याला रमजान कळत नाही, असं माझं म्हणणं. जैतुन दौंडची. तिचा बाप दौंडला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचा. माझं म्हणणं निघालं की ती बापाला मधे आणायची. "अब्बा भट्टीसमोर उभं राहून रोजा धरायचे. तुमच्या टायरला काय भट्टीपेक्षा जास्त आग लागलीय?" मी समोरच्या हॉटेलात चहा प्यायचो आणि मिशा पुसून घरी जायचो. तिला सगळं कळायचं. तरी दुपारचं माझं ताट झाकलेलं असायचं, आणि संध्याकाळी जेवणाचा दस्तरखान पसरला की माझ्यापुढंही खजूर असायचा. "रोजा नसंल तर नसंल," म्हणायची, "बसायला कुणाची बंदी न्हाई."

रमजानात मला एकच काम होतं. रोजात असताना ती स्वयंपाकाची चव घ्यायची नाही. मग चमच्यात कालवण घेऊन मागच्या दारात यायची. "घ्या, तुमचं तोंड मोकळंच हाय. मीठ बघा." मी चाखून सांगायचो, कमी आहे, जास्त आहे, बरोबर आहे. लग्न झाल्यापासून हीच माझी नोकरी. एका रमजानात कशावरून तरी भांडण झालं आणि मी अळणी डाळीला बरोबर आहे म्हणालो. संध्याकाळी तिच्या भावासमोर तोंडघशी पडली. भाऊ गेल्यावर मला म्हणाली, "जिभेनं खोटं बोललात. तुमचा नसलेला रोजाबी मोडला बघा." हसून म्हणाली, पण नंतर तीन दिवस चमचा घेऊन आली नाही.

उपाशी राहण्याचं तिला कौतुक नव्हतं. "उपाशी तर एसटीतला कंडक्टरबी राहतो डबल ड्युटीला. जीभ उपाशी ठेवून दाखवा." त्या महिन्यात तिच्यासमोर कुणाची चहाडी चालायची नाही. भिंतीला भिंत लागून कांताबाईचं घर. ती सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आली की जैतुन म्हणायची, "कांताबाई, ईद होऊ दे, मग सगळं ऐकते. मीबी दोन गोष्टी सांगते." मी टायर खोलताना शिव्या द्यायचो, तेही घरी आल्यावर तिला वासावरून कळल्यासारखं कळायचं. "तोंड धुऊन या," म्हणायची.

मग तिला साखर झाली. आधी पायाची बोटं बधिर झाली, मग डोळे गेले. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच दिसायचं. मूत्रपिंडं निकामी होत चालली. डॉक्टर म्हणाला, रोजा धरायचा असेल तर माझ्याकडे आणू नका. आमच्या मौलवींनी घरी येऊन सांगितलं, "चाची, आजारी माणसाला धर्मानंच सूट दिलीय. एका रोज्यामागं एका गरिबाला जेवू घाला." तिनं ऐकून घेतलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "सूट मागितली कुणी? डॉक्टर पुढच्या सालीबी असंल. मी असंन का?"

गेल्या साली रमजान उन्हाच्या तोंडाला आला. तिनं पहिला रोजा धरला. दुपारी तीनला तिची जीभ टाळ्याला चिकटलेली. बोलायला गेली तर शब्द फुटेना. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसलो होतो. वासानं तिला कळलं की काय कोण जाणे, मान फिरवली. मी चाळीस वर्षं ट्रकच्या ट्यूबा पाण्यात बुडवून कुठून हवा जाते ते बघितलं. माझ्या बायकोचा जीव कुठून जातोय ते मला दिसत होतं आणि हात लावायची परवानगी नव्हती.

आमच्याकडं पूर्वी अजान घरात ऐकू यायची. भोंग्यांचा आवाज कमी झाला तेव्हापासून येत नाही. भिंतीवर रमजानच्या वेळांचा कागद लावलेला. तो मी वाचायचा आणि घड्याळ बघून तिला सांगायचं, "झाली गं अजान." त्या दिवशी मी दहा मिनिटं आधी सांगितलं. तिनं मूठ उघडली, खजूर खाल्ला, पाणी प्याली. चेहऱ्यावर रंग आला. मला वाटलं, दहा मिनिटांनी अल्लाचं काय बिघडलं.

दुसऱ्या दिवशी वीस केली. आठवड्यात तासावर गेलो. पश्चिमेच्या खिडकीला घोंगडी टांगली, तिला सांगितलं झळ लागते. ती बिचारी म्हणाली, "औंदा तुम्हाला माझी लईच काळजी." उन्हातच रोजा सोडायची आणि उन्हातच दिवस मावळल्यानंतरची नमाज पढायची. मी शेजारी बसून बघायचो. एक दिवस म्हणाली, "या रमजानात तहान कमी लागती. खुदा सोपं करतोय." मी उठून बाहेर गेलो.

अठराव्या रोज्याला तिनं खजूर तोंडात टाकला आणि कांताबाई दारात आली. हातात वाटी, भज्यांची. रोज दिवस बुडाल्यावर यायची, त्या दिवशी तिला बाजारात जायचं होतं म्हणून लवकर आली. म्हणाली, "अगं बया, भाभी, आज लवकर सोडला व्हय रोजा? अजून ऊन हाय की अंगणात."

जैतुन चावायची थांबली. तोंडातला खजूर तिनं हळूच हातावर काढला. कांताबाई माझ्याकडं बघत राहिली, मग वाटी ठेवून निघून गेली.

"आजच का?" जैतुननं विचारलं.

मी म्हणालो, "न्हाई."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं."

रडेल, ओरडेल असं वाटलं. ती नुसती बोटं मोजत बसली. मग म्हणाली, "अठरा." आणि थोड्या वेळानं, "तुम्हाला मीठ बघायला सांगत होते मी."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला वेळ विचारली नाही. भिंतीवर काठी आपटायची आणि हाक मारायची, "कांताबाई, दिवस बुडला की सांग गं." कांताबाई अंगणात उभी राहून आभाळ बघायची, कागदावरची वेळ माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची, वर आणखी दोन मिनिटं थांबायची. मग ओरडायची, "भाभी, बुडाला." हिंदूच्या बाईच्या शब्दावर माझ्या बायकोनं उरलेले सगळे रोजे सोडले. मी तिथंच बसलेलो असायचो. माझ्यापुढं खजूर रोज असायचा, त्यात खंड नाही.

ईद झाली. शिरखुर्मा कांताबाईनं केला, जैतुननं बसल्या जागेवरून सांगितला तसा. आठवड्यात तिला श्वास लागला. आमची मुलगी रुबिना दौंडला दिलीय, ती येऊन तिला घेऊन गेली, तिथल्या दवाखान्यात टाकलं. मी उशाशी बसलो होतो. म्हणालो, "माफ कर." ती म्हणाली, "माफीचं मी बघते. अठरा ऱ्हायले वो. कवा धरू?" मी म्हणालो, बरी झाली की धर, मीबी धरतो संगं. ती हसली नाही. दोन दिवसांनी गेली. दौंडच्या कबरस्तानात बापाजवळ तिला जागा मिळाली. माती देताना माझ्या डोक्यात तेवढाच आकडा होता.

मौलवींना सगळं सांगितलं. म्हणाले, तिच्यावर गुन्हा नाही, तिला माहीत नव्हतं, आजारी होती. अठरा गरिबांना जेवण घाला. मी घातलं. मग विचारलं, तिचे रोजे मी धरले तर? ते म्हणाले, "दुसऱ्याचा रोजा दुसऱ्याला धरता येत नाही, चाचा. तो तुमच्याच नावावर लागेल." माणूस चांगला आहे, खोटं बोलवेना त्याला.

तरी यंदाच्या रमजानात मी धरतोय. लागेल त्याच्या नावावर लागू दे. तिला त्याचं काही पोहोचत नाही हे मला माहीत आहे. आज अठरातला अकरावा. पहिल्या दिवशी चक्कर येऊन अंगणात बसलो, आता बसत नाही. घोंगडी काढून टाकलीय. दुपारी ऊन सरळ आत येतं आणि ती बसायची त्या जागेवर पडतं. दिवस बुडायच्या आधी दहा मिनिटं मी खजूर मुठीत धरतो. मन पळायचं ते पळतंच, दौंडला जातं. कागदावरची वेळ झाली तरी मी कांताबाईची हाक येईपर्यंत थांबतो. माझ्या घड्याळावर माझाच विश्वास राहिलेला नाही.

डाळ दुपारीच शिजवून ठेवतो. काल खारट झाली होती, परवा अळणी. रोजात असल्यामुळं मला चाखता येत नाही, आणि चमचा घेऊन मागच्या दारात गेलो तर तिथं कुणी नाही.