दाराबाहेरच्या चपला

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. परवा मुलीचा पुण्याहून फोन आला. तिथे ती पहिल्यांदाच एकटी राहते आहे. म्हणाली, बाबा, तुमचे जुने बूट पाठवा, दाराबाहेर ठेवते. बायकोला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं. बूट मी त्याच दिवशी पाठवले. कौतुक मात्र तोंडातून निघालं नाही.

लग्नाआधी मी वाशिमला एका गादीवाल्या चाचांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली कापूस पिंजायचं मशीन दिवसभर घरघरायचं, दोरीवरच्या कपड्यांना पांढरे तंतू चिकटायचे. शेजारच्या खोलीत वाशिमजवळच्याच मालेगावची एक नर्स एकटीच राहायची. दवाखान्यातून येताना एक माणूस दोनदा तिच्या मागे पार जिन्यापर्यंत आला, तेव्हा तिने माझ्याकडे जुन्या चपला मागितल्या.

"घरात माणूस आहे असं दिसलं पायजे ना, भाऊ."

या चपलांवरून माणूस फारच गरीब दिसेल, असं मी म्हणालो.

"दिसू द्या. मले कुठं त्याच्यासंगं संसार करायचा आहे?"

ते दिवस आठवले की अजूनही हसू येतं. चपला ती रोज थोड्या सरकवायची, कधी एक उलटी टाकायची, कधी मुद्दाम चिखल लावून ठेवायची. सिलिंडरवाला आला की रिकाम्या खोलीकडे तोंड करून 'अहो, सुटे आहेत का' असं विचारायची, आणि भिंतीपलीकडून मी खोकायचो. चांगला खोकलो की वाटीभर वांग्याची भाजी यायची. तो माणूस पुन्हा जिन्यापाशी फिरकला नाही.

पुण्यात कोणाच्या चपला कोण ओळखतं? आमच्या गल्लीत ओळखत. कुजबुज सुरू झाली, आणि एका सकाळी चाचा दोन शेजाऱ्यांना घेऊन वर आले. माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा मागे चाचांनीच गादीच्या दोऱ्याने शिवून दिला होता. त्यांनी चप्पल उचलली, शिवणीवरून बोट फिरवलं.

"टाका तं माह्या हातचा आहे. इथं कशा आल्या, बेटा, तूच सांग."

ते मला वाट करून देत होते, हे तेव्हाही कळलं. पण जऊळका गावातल्या एका घरी माझ्या सोयरिकीची बोलणी चालली होती, आणि शेजाऱ्यांपैकी एक त्या घरच्या ओळखीचा होता.

"मी तं त्या कवाच्याच फेकल्या होत्या," मी म्हणालो.

ती दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग चाचांना म्हणाली, मीच उकिरड्यावरून उचलल्या. कोणाला ते पटलं नाही. महिना संपायच्या आत खोली सोडा, असं चाचांनी तिला खाली मान घालून सांगितलं.

जायच्या दिवशी तिची पेटी मीच खाली उतरवली. ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "सोयरीक जमली की सांगजा, भाऊ." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सोयरीक जमली. मी कळवलं नाही.

चाचा आता नाहीत. त्या शेजाऱ्यांपैकी एक अजून त्याच गल्लीत राहतो. चपला मी स्वतःच्या हाताने दिल्या होत्या आणि त्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं, हे त्याला सांगणं बाकी आहे. ती मालेगावलाच असते, घर मला माहीत आहे. तिची माफी मागणं बाकी आहे.