हौदमामांचे हिवाळे

हौदमामांनी आमच्या बंगल्यामागचा पोहण्याचा तलाव नऊ वर्षं सांभाळला, आणि त्यातली पहिली सहा वर्षं त्या पाण्यात पाऊलसुद्धा घातलं नाही. काठावर उकिडवे बसून लांब दांड्याच्या जाळीने ते पानं काढायचे. एखादं पान मधोमध अडकलं, तर वारा त्याला काठाशी आणेपर्यंत वाट बघायचे. मी एकदा म्हणाले, "उतरून काढा की मामा, तिथे कमरेएवढंच पाणी आहे." ते पानावरची नजर न काढता म्हणाले, "येतंय की आपसूक. त्याला काय घाई हाय?"

तलाव माझ्या सासऱ्यांनी बांधला होता. त्यांचे गुडघे दुखायचे आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. ते गेल्यावर तलाव माझ्या मुलांचा झाला, पण तोही होळीपासून पाऊस लागेपर्यंत. सोलापूरचा उन्हाळा सोसायला त्याच्याइतका उपयोगी दुसरा भाग घरात नव्हता. दिवाळीनंतर मात्र तिकडे कुणी फिरकत नसे. मामा त्याला कायम 'हौद' म्हणत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव हौदमामा पाडलं. ते मूळचे सांगोल्याकडचे. घरी मेंढरं होती, पण त्यांनी अर्धं आयुष्य पाण्याचा टँकर चालवण्यात घालवलं. "आधी पाणी वाटत हुतो, आता राखतो," एवढीच माहिती ते स्वतःबद्दल देत.

हिवाळ्यात तलावाला काम कमी, असा आमचा समज होता. मामांना तो पटत नसे. "उन्हाळ्यात पाणी माणसांच्या ध्यानात असतं. थंडीत इसरतात. इसरलेलं पाणी लई वाईट," ते म्हणायचे. रोज सकाळी ते काठाने फेरी मारायचे. बदामाची लाल पानं, भिजलेल्या मधमाश्या, कधी एखादा बेडूक असं काहीबाही जाळीत यायचं. मधमाश्या ते उन्हात कट्ट्यावर ओळीने ठेवायचे आणि किती उडाल्या ते बघायला पुन्हा यायचे. पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या औषधाची पावडर किती टाकायची हे ठरवायला आम्ही काचेची नळी आणून दिली होती. नळीतल्या पाण्यात तपासणीच्या रसायनाचे दोन थेंब टाकले की रंग पिवळा होतो, तो किती गडद त्यावरून कळतं. मामा रंग बघायचे, मग ओंजळीत पाणी घेऊन वासही घ्यायचे, आणि वासावर भरवसा ठेवायचे.

एका वर्षी माझे यजमान म्हणाले, "चार महिने कुणी पोहत नाही, तर रिकामा करून टाकू." मामांनी मान हलवली. "न्हाय, साहेब. रिकामा हौद तडकतो. आपली काळी माती हाय. भाईरनं ती दाबती, आतनं पाणी धरून ठेवतं. पाणी काढलं की फरशा सुटल्याच म्हणून समजा." फरश्या बसवणाऱ्या मिस्त्रीला विचारलं, तर तोही तेच म्हणाला. त्यानंतर हिवाळ्यात मामांच्या कामात कुणी लक्ष घातलं नाही.

त्यांची एक सवय मात्र मला विचित्र वाटायची. फिल्टरची मोटर थंडीत ते दिवसातून दोन तास चालवत. त्या दोन तासांत ते किती वेळा ती बंद करत याची मोजदाद नव्हती. बंद करायची, पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं, मान थोडी कलती ठेवायची, आणि मग पुन्हा चालू करायची. मोटर बिघडली आहे का, असं मी विचारलं. "न्हाय बाई," ते म्हणाले. मी शाळेत शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणत. "मोटर चालू असली की पाण्यातलं काय ऐकू येत न्हाय." पाण्यात ऐकण्यासारखं काय असतं, हे मी विचारलं नाही.

मुलांना त्यांचा एकच धाक होता. खेळताना उगाच किंचाळायचं नाही. एरवी मऊ बोलणारा हा माणूस त्या बाबतीत कठोर व्हायचा. "उगं वरडू नका. खरंच वरडायची येळ आली, तर कुणी वळून बघणार न्हाय," असं ते म्हणाले तेव्हा माझी धाकटी रडवेली झाली होती. मी त्यांना समजावलं की मुलं आहेत, ओरडणारच. त्या दिवशी मुलं पाण्यातून बाहेर येईपर्यंत ते काठावरून हलले नाहीत, जेवायलासुद्धा गेले नाहीत.

सातव्या हिवाळ्यात, जानेवारी महिन्यात, ताप भरल्यामुळे मी शाळेतून अकरा वाजताच घरी आले. मागच्या बाजूला पाण्याचा आवाज आला म्हणून गेले, तर मामा तलावात होते. उथळ बाजूला, काठाच्या दांडीला दोन्ही हातांनी घट्ट धरून, गुडघे वाकवून छातीपर्यंत पाण्यात. ओठ काळेनिळे पडले होते. ते एक मोठा श्वास घेत, डोकं पाण्याखाली नेत आणि लगेच वर काढत. मला बघताच ते चोरी पकडल्यासारखे धडपडत बाहेर आले.

"हौद घाण न्हाय केला बाई," ते थरथरत म्हणाले. "आधी आंघूळ केली हुती मी."

मी आतून टॉवेल आणला, चहा केला. पोहायला शिकायचं तर उन्हाळ्यात शिका, असं मी म्हणाले. त्यांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला. "उन्हाळ्यात पोरं असत्यात. त्यांच्यासमोर बुडायची लाज वाटती." मग ते म्हणाले, "आन् आडाचं पाणी गारच असतं."

कुठल्या आडाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. पण अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भर थंडीत एकटा असं करत असेल तर आपण काठावर असलेलं बरं, म्हणून मी त्यांना शिकवायला लागले. कॉलेजात मी पोहण्याच्या स्पर्धांत भाग घेतला होता. दर रविवारी दुपारी, ऊन पाण्यावर आलं की आम्ही तासभर शिकवणी करायचो. असा घाबरणारा विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता, आणि असा चिवटही. पाणी नाकातोंडात गेलं की ते दांडीला धरून खोकत आणि "पुन्यांदा" म्हणत. दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांनी एकदाचा तलाव आडवा पार केला. मी टाळ्या वाजवल्या. ते काठावर बसले, टॉवेल डोक्यावरून घेतला आणि टॉवेलच्या आतूनच बोलू लागले.

दुष्काळातलं वर्ष होतं. त्यांच्या टँकरला सांगोल्याच्या पलीकडचं एक गाव लावून दिलं होतं. गावात एक जुना आड होता, अरुंद आणि खोल, चार वर्षं कोरडा. टँकरचा पाइप त्यात सोडायचा आणि लोकांनी ते पाणी शेंदून न्यायचं. टँकर दिसला की सगळं गाव आडाकडे धावायचं. त्या दिवशी सकाळची एक खेप झाली होती. दुसऱ्या खेपेला मामांनी पाइप सोडला, कॉक उघडला आणि केबिनमध्ये चहा प्यायला बसले. काठावर रेटारेटी झाली आणि दहा वर्षांची एक मुलगी आत पडली.

"आरडावरडा मला ऐकू आला हुता," मामा म्हणाले. "पर टँकर आला की आरडावरडा असतोच, बाई. मी च्या संपवला."

ते खाली उतरले तेव्हा काठावर तीस-चाळीस माणसं होती. कुणालाही पोहता येत नव्हतं. "चार वर्सं आडाला पाणी न्हाय, पोरं शिकणार कुटं? मीबी नुस्ताच हुबा. मीच ओतलेलं पाणी, आन् मलाच त्यात उतरता येईना." शेजारच्या वस्तीवरून पोहता येणाऱ्या एकाला बोलावून आणलं. तो दोर धरून उतरला, तोपर्यंत सगळं संपलं होतं. मामांनी टँकर सोडला आणि तीन वर्षांनी आमच्याकडे आले.

इथे चूक झाली ती माझी. वीस वर्षं मी वर्गात सांगत आले होते की मनातलं बोलून टाकलं की हलकं वाटतं. तेच मी मामांना सांगितलं. त्या मुलीच्या आईवडिलांना एकदा भेटा, बोला, मन हलकं होईल. मामांनी टॉवेल बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं. "कुणाचं?" ते म्हणाले. मला तेव्हा तो प्रश्न कळला नाही. वर्षभर मी अधूनमधून तेच बोलत राहिले. पुढच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, ते स्वतःच म्हणाले, "उद्या जाऊया."

सांगोला सोडून आम्ही आत वळलो. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा होत्या. मामा वळणं हाताने दाखवत होते. बारा वर्षांत ते एकही वळण विसरले नव्हते. आडावर आता लोखंडी जाळी बसवली होती. त्या मुलीचे वडील वारले होते. आई शेळ्यांना पाला टाकत होती. तिने मामांना लगेच ओळखलं.

"टँकरवाले न्हवं तुमी?" ती म्हणाली. "या, बसा." तिने गूळ-पाणी आणून ठेवलं.

मामांनी पाण्याला हात लावला नाही. ती पायरीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "एक इचारू? तुमाला पवायला येत हुतं का तवा?"

"तवा येत न्हवतं."

"आन् आता?"

"आता येतं. शिकलो."

तिने मान हलवली. मला वाटलं, एवढ्यावर झालं, आपण उठावं. तेवढ्यात मामा म्हणाले, "अजून एक हाय. मी कुणालाच सांगितलं न्हाय. चवकशीला आले त्यांनीबी इचारलं न्हाय. मी खाली उतरलो, काठावर हुबा राह्यलो, पर कॉक बंद करायचा राह्यला. पाणी पडतच हुतं. सगळा टँकर रिकामा हुईस्तवर तिच्यावर पाणी पडत हुतं."

हे मलाही नवीन होतं. शेळ्या पाला खात होत्या. तिने हातातली डहाळी त्यांच्यापुढे टाकली. मग तिने मान वर केली. ती रागावलेली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं.

"हे तुमी मला कशाला सांगितलं?" ती म्हणाली. "बारा वर्सं मला वाटत हुतं, पडली आन् गेली. आता ते पाणी मला ऐकू येत राहील."

मामा उठले. हात जोडले, पण तिने तिकडे बघितलं नाही. मी वेड्यासारखी कागदावर माझा नंबर लिहून तिच्या पायरीवर ठेवला. काही लागलं तर सांगा, असं काहीतरी पुटपुटले आणि गाडीकडे आले. परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमचं न्हाय. मला टाकून द्यायचं हुतं, मी टाकलं. कुणाच्या दारात टाकतोय, ते बघितलं न्हाय."

त्यानंतर मामा पोहले नाहीत. मोटर लावायचे आणि दोन तास सलग चालू ठेवून दूर जाऊन बसायचे. होळीपर्यंत त्यांनी काम नेटाने केलं. मुलांसाठी पाणी आरशासारखं स्वच्छ करून दिलं आणि मंद्रूपला आपल्या मुलीकडे राहायला गेले. निघताना त्यांनी मला पावडर कुठे ठेवली आहे ते दाखवलं, जाळीचा दांडा बदलायला झाला आहे हे सांगितलं. बाकी काही नाही. कार्तिकात त्यांच्या मुलीचा फोन आला. चार दिवस ताप होता आणि गेले, म्हणाली. शेवटच्या दिवशी पाणी नको म्हणत होते, चमच्यानेही घेतलं नाही.

गेल्या पौषात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आडात पडलेल्या त्या मुलीची आई बोलत होती. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी सोलापूरला आली होती आणि एसटी स्टँडवर उभी होती. "ते टँकरवाले तुमच्याकडंच असत्यात न्हवं? जरा भेटायचं हुतं," ती म्हणाली. फोनवर मला सांगता आलं नाही. मी जाऊन तिला घरी घेऊन आले.

चहा पुढे ठेवला आणि मामा गेल्याचं सांगितलं. तिने कधी, कुठे, कशाने, आणि ते पोहायला कुठे शिकले, असं सगळं विचारलं. मग म्हणाली, "तो हौद दावा." मी तिला मागे नेलं. नवा माणूस आठवड्यातून एकदा येतो. पाण्यावर पानांचा थर साचला होता. ती काठापासून चार पावलं लांबच थांबली.

"मी त्यांना एक सांगायला आले हुते," ती म्हणाली.

मी म्हणाले, "मला सांगा. मीच त्यांना तुमच्याकडे आणलं होतं."

तिच्या ओठांची हालचाल झाली, आता बोलेल असं वाटलं. मग तिने पदर सारखा केला.

"न्हाय, बाई. ते त्यांचं हुतं."

संध्याकाळच्या सांगोला गाडीत मी तिला बसवून दिलं. तिला काय सांगायचं होतं, माफी की शिव्याशाप, की तिसरंच काही, याचा तर्क मी अजूनही करत असते. खिडकीतून तिने माझा हात धरला आणि दवाखान्याने दिलेले डोळ्यांत घालायचे थेंब दिवसातून कितीदा घालायचे ते विचारलं. मी चिठ्ठी वाचून तीनदा म्हणून सांगितलं. तिने ते दोनदा घोकलं आणि गाडी हलली.