साडूंचा सूर्य

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला मी, माझ्या साडूंना समुद्रातून उगवणारा सूर्य दाखवायला कोकणात घेऊन गेलो. चूक माझीच. ती ध्यानात आली तेव्हा आम्ही दोघं नव्या वर्षाच्या पहिल्या पहाटे, वाळूतल्या तंबूसमोर, पश्चिमेकडे तोंड करून बसलो होतो.

आमच्या साडूंइतका निवांत माणूस अख्ख्या आष्टी तालुक्यात सापडायचा नाही. तिथल्या कडा गावात त्यांचं किराणा दुकान. गिऱ्हाईक घाईत दिसलं की यांचा हात आणखी संथ होतो. कुठलीही वस्तू चिमटीत धरून जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा, ही त्यांची रीत. डाळ-गुळापुरतं ठीक होतं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी अक्षतांची ज्वारी चाखली आणि ती मागच्या सालची असल्याचं व्याह्यांना भर मांडवात सांगितलं. दुकान मात्र कधी बंद नाही. स्वतःची हळद अंगावर असतानाही म्हणे ते तराजूमागे बसले होते. अशा माणसाने साठीनंतर एकदा चहाची बशी फुंकता फुंकता मला सांगितलं, की तिसरीच्या पुस्तकात एक चित्र होतं, पाण्यातून अर्धा सूर्य वर आलेला. तेवढं एकदा बघायचं राहिलंय. मी छाती ठोकून म्हणालो, "एक तारखेला दाखवतो, अण्णा." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तीन दिवस शटर ओढलं.

वाटेत गाडी पंक्चर झाली आणि आम्ही पोचेतो दिवस मावळून गेला, म्हणून माझं अज्ञान एक मुक्काम जास्त टिकलं. देवळाबाहेर काढाव्यात तशा अण्णांनी चपला काढल्या, अंधारातच ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

"माल खरा हाय," ते म्हणाले.

पहाटे गावाहून आणलेल्या पाण्याने आंघोळ झाली, कपाळाला विभूती लागली, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाली आणि ते सतरंजीवर बसले. पापणी हलत नव्हती. तासाभराने पाठीमागच्या डोंगरावरचं आभाळ उजळायला लागलं. मी हळूच कबूल केलं, की सूर्य मागून येतोय, आपल्या कडा गावाच्या अंगाने. अण्णांनी वळून डोंगराकडे पाहिलं, मग परत समुद्राकडे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतेच बसून राहिले, पुस्तकातलं चित्राचं पान कुणीतरी फाडून नेल्यासारखे.

मग फार लांब, आभाळाला टेकलेली पाण्याची एक रेघ पिवळी झाली. आमच्यावर डोंगराची सावली तशीच होती. ऊन मात्र पार पलीकडच्या टोकाला उतरलं होतं आणि लाटा ओलांडत, वाटेतली एकेक होडी उजळत, सावकाश आमच्याकडे चालत येत होतं. जणू त्यालाही कुठे पोचायची घाई नव्हती. अण्णांचं तोंड किंचित उघडं राहिलं. पांढऱ्या मिशांखाली तिसरीतलं पोर बसलेलं दिसत होतं.

मला राहवेना. डोंगराची सावली अशी मागे मागे का सरते, ते मी समजावून सांगायला लागलो.

"गप बसा, मास्तर," पाण्यावरची नजर न काढता अण्णा म्हणाले. "तुमचं ऐकूनच तर तासभर उलटं तोंड करून बसलतो."