मी उतरले, ये

विमलआत्या आमच्याकडे यायची, पण आमच्या दारापर्यंत कधी स्वतःहून यायची नाही. घाटकोपरहून बेस्टच्या बसनं निघायची, मुलुंडला आमच्या कोपऱ्यावरच्या स्टॉपवर उतरायची, तिथल्या बाकावर ऐसपैस बसायची आणि मला फोन लावायची. "मी उतरले, ये." एवढंच. त्या बाकावरून आमची इमारत दिसते. आमच्या गॅलरीत वाळत घातलेला माझा टॉवेलसुद्धा दिसतो. त्याच्या रंगाबद्दल तिनं मला ऐकवलेलंही आहे. तरी ती उठायची नाही. आपण गेलो, समोर उभे राहिलो, की मांडीवरची कापडी पिशवी पुढे करायची. "हं, घे." पिशवी आपल्या हातात आली की मगच उठायची.

एकदा मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. फोन आला म्हणून वॉचमनला पाठवलं. तो रिकाम्या हातानं परत आला. म्हणाला, "साहब, माँजी बोलती हैं, जिसको फोन किया उसको भेजो." शेवटी कॅमेरा बंद करून मीच धावलो. कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चौकड्यांची हाफपँट, अशा वेषात मी आत्याची पिशवी घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत आलो, ते अजून लोक विसरलेले नाहीत.

"अगं, तुला रस्ता माहीत आहे ना? माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे," मी एकदा वैतागून म्हटलं.

"रस्ता बघायला कोण आलंय? तुला बघायला आलेय," ती म्हणाली. आणि मग तिचं ते ठरलेलं वाक्य. "गाडीतून दारात उतरतो त्याला लोक चहा विचारतात. स्टँडवरून घेऊन येतात त्याला आधी पाणी देतात. मला चहा नको विचारूस. पाणी दे."

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कारखान्यात ती नोकरीला होती. पॅकिंगला लागली आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी तिला घरी सोडायला कंपनीची गाडी तयार ठेवली होती, फुलंबिलं लावून. आत्यानं गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, इतकी वर्षं बसनं आले, बसनंच जाते. तुम्ही स्टॉपपर्यंत चला." साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई चेष्टा करतेय. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई जागची हलत नाहीये. शेवटी एका हातात तिची शाल आणि दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ घेऊन साहेब स्टॉपवर उभे राहिले. पॅकिंगच्या सगळ्या बायका मागे. बस आली तेव्हा त्यांनीच हात दाखवून थांबवली. "त्या दिवशी त्यांना कळलं, अठ्ठावीस बायका रोज कुठून येतात," आत्या सांगायची.

अशा बाईचा आणि माझा सामना झाला तो प्राचीच्या लग्नात. प्राची ही आत्याची एकुलती मुलगी. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे लग्नाची धावपळ आत्याची आणि माझी. पत्रिका छापून आल्या. आमच्याकडे जवळच्या माणसांना घरातल्या वडीलधाऱ्यानं स्वतः जाऊन बोलावायचं, अशी पद्धत आहे. नाशिकला आत्याची मोठी नणंद, संभाजीनगरला चुलत बहीण, जालन्याला दीर आणि शेवटी रिसोडला मधुकरकाका, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. माझे वडील गेल्यानंतर तिला उरलेला तेवढा एकच भाऊ.

गोची तिथेच होती. चार वर्षांपूर्वी काकांच्या मुलाचं, सचिनचं लग्न झालं, तेव्हा काकांनी पत्रिकेचा फोटो मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं, 'ताई, यायचंच हं.' आत्यानं महिनाभर वाट पाहिली. भाऊ आला नाही, भावजय आली नाही, निदान सचिन तरी येईल, तोही आला नाही. मग ती म्हणाली, "मोबाइलला बोलावलंय ना? मोबाइल जाईल." आणि ती गेली नाही. तिकडे काकांनी आत्याच्या मानाची साडी घेऊन ठेवली होती, ती घडीतच राहिली. भर मांडवात त्यांनी जाहीर केलं की आता ताईच्या दाराची पायरी चढणार नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. आणि आता प्राची म्हणत होती, "मामा माझ्या मागे उभा राहणार नसेल तर फोटोच काढू नका."

मी आमच्या घरातला प्रवासतज्ज्ञ आहे. म्हणजे मला तसं वाटतं. माझी बायको मीना म्हणते, "तू प्रवास ठरवतोस तेवढ्या वेळात माणूस जाऊन परत येतो." तरी मी उत्साहानं आत्यासमोर बसलो आणि तीनही पर्याय मांडले. रेल्वे आरामाची, पण रिसोडला रेल्वे नाही. एसटी सगळीकडे जाते, पण तिचं वय, तिची कंबर, चार गावं, चार वेळा चढउतार. म्हणून भाड्याची गाडी. ड्रायव्हरसकट, दारातून दारात. मी तर मोबाइलवर ती ठरवूनही टाकली होती.

आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "रेल्वे तिच्या रस्त्यानं जाते," ती म्हणाली. "आपली माणसं तिच्या रस्त्यावर राहत नाहीत. रेल्वे कट."

"म्हणूनच तर गाडी…"

"गाडी पण कट. एसटी."

"आत्या, अगं तुझी कंबर!"

"कंबर माझी आहे ना? तुझी दुखली तर तू येऊ नकोस."

प्राची चिडली, मीनानं समजावलं, मी तर कमरेच्या डॉक्टरांनासुद्धा मध्ये घातलं. सगळ्यांची समजूत एकच, की बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून म्हातारीचा हट्ट चाललाय. ती कुणाची समजूत काढायला गेली नाही. ठरलेल्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाली. मी गाडी रद्द केली आणि तिच्यामागून ठाण्याच्या खोपट स्टँडवर पोचलो.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक गावी तेच. स्टँडवर उतरायचं, बाकावर बसायचं, फोन. "मी उतरले, ये." नाशिकला नणंदेचे यजमान काठी टेकत आले. संभाजीनगरला चुलत बहीण नातसुनेच्या स्कूटरवर मागे बसून आली, आणि पिशवी कुणी घ्यायची यावरून त्या दोघींतच जुंपली. जालन्याला दीर रिक्षा घेऊन आले. सगळीकडे आधी पाणी, मग जेवण, मग पत्रिका, मग रडणं, मग आग्रहानं मुक्काम. माझी कंबर जालन्यातच गेली. आत्याची ठणठणीत. मीनाला फोनवर हे सांगितलं तर ती इतकी हसली, की मी फोन ठेवून दिला.

आणि प्रत्येक ठिकाणाहून निघताना आत्या घरच्यांना एवढंच म्हणायची, "आता मधूकडे चाललेय. एसटीनंच." ते वाक्य फोनाफोनीतून आमच्या आधी रिसोडला पोचत होतं, हे माझ्यासारख्या प्रवासतज्ज्ञाच्या लक्षात यायला जालना उजाडलं.

रिसोडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आत्यानं शेडमधला मधला बाक निवडला, पदरानं पुसला, बसली आणि काकांना फोन लावला. चार वर्षांनी पहिल्यांदा. "मधू, मी उतरले, ये." पलीकडून फोन बंद झाला.

आम्ही बसलो. समोर बस लागत होत्या, सुटत होत्या. नियंत्रकाच्या खिडकीतून एका माणसानं विचारलं, "आजी, कुठं जायचंय?"

"कुठं नाही. आलेय," आत्या म्हणाली.

पाऊण तासानं एक पांढरी गाडी आली. सचिन उतरला, आत्याच्या पाया पडला, "चला आत्या, पप्पा घरीच आहेत," म्हणत त्यानं पिशवीला हात घातला. आत्यानं पिशवी पोटाशी धरली.

"गाडी आली. मधू कुठाय?"

"अहो, ते… त्यांचं जरा…"

"लेकरा, तुझ्यावर राग नाही. बायकोला माझा आशीर्वाद सांग. पण मी फोन तुला केला नव्हता."

सचिन माझ्याकडे बघायला लागला. मी वर पत्र्याकडे बघायला लागलो. तो गेला.

आता मात्र मी घाबरलो. म्हटलं, "आत्या, पुरे गं. काका नाही आले तर? आपण सरळ घरी जाऊ, पत्रिका देऊ. लग्न तुझ्या मुलीचं आहे. इथे हट्ट करून मामा गमावशील."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या शाळेच्या निकालाकडे पाहायची. "शहाण्या, तुझी ती गाडी घेऊन दारात उभी राहिले असते, तर मधूला काय करावं लागलं असतं? काही नाही. उंबऱ्यात उभं राहायचं आणि नाही म्हणायचं. घर त्याचं, दार त्याचं. मी बाहेर, गाडीपाशी. इथं मी स्टँडवर बसलेय. इथं नाही म्हणायचं असेल तर त्याला घरातून उठावं लागेल, चप्पल घालावी लागेल, अख्ख्या गावातून चालत यावं लागेल. आणि एवढं चालून आल्यावर कोण नाही म्हणतं?"

"आणि आलेच नाहीत तर?"

तिनं पिशवीचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "तर मुलीला सांगेन, मामा नाही तुला. पण त्याच्या दारात जाऊन विचारणार नाही. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. त्याला कडेवर घेऊन याच गावात हिंडलेय मी. दारात उभी राहणारी पाहुणी नाही मी त्याची."

चहावाल्यानं न मागता दोन कप आणून ठेवले. तिनं घेतला नाही.

काका आले ते चालत. डोक्यावर छत्री, पायात घरातल्या स्लिपर. आमच्याकडे न बघता ते सरळ वेळापत्रकाच्या फळ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि वाचायला लागले, जणू त्यांना त्याच क्षणी मेहकरला जायचं होतं. बराच वेळ वाचलं. मग फळ्याकडेच तोंड करून म्हणाले, "उनाचं कायले बसली इथं?"

मुंबईत इतकी वर्षं काढलेली आत्या एका क्षणात गावची झाली. "वाट पाहून रायली होती."

"कोनत्या गाडीची?"

"गाडीची नाही. आला तो."

काका वळले. "मले पत्रिका फोनवर पाठवली असती तं मी आलो नसतो का?"

"मी आलती का?"

स्टँडवर भोंगे वाजत होते, कंडक्टर ओरडत होते. काकांनी छत्री मिटली. मग पुढे आले, आणि आत्याच्या मांडीवरची पिशवी उचलली.

"लय जड आहे. काय भरलं ईच्यात?"

"प्राचीच्या मामाचे कपडे."

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुही साडी बी पडली आहे घरी. चार वर्साची," ते म्हणाले. "चाल आता. पाणी पी आधी."

दोघं छत्रीखाली पुढे, आणि माझी मोडलेली कंबर घेऊन मी मागे, अशी आमची वरात भर दुपारी गावातून निघाली. दारादारांतून लोक बघत होते. आत्या कुणाकडे बघत नव्हती. ती जिंकून आलेली बाई होती, आणि तसंच चालत होती.

प्राचीच्या लग्नात बुद्धमूर्तीसमोर त्रिशरण सुरू झालं तेव्हा तिच्या मागे मधुकरकाका उभे होते, आत्यानं आणलेल्या कपड्यांत. आत्या घडी मोडलेल्या त्या साडीत.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. दवाखान्यात मी गाडीतून नेत होतो, तेव्हाही "रिक्षा नव्हती का मिळत?" म्हणून भांडली. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना तेव्हा येता आलं नाही. तिच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ते निघाले, एकटेच, एसटीनं. मुलुंडच्या चेकनाक्यावर उतरणार होते. माझी मुलगी कामाची. तिनं मोबाइलवरून त्यांच्यासाठी परस्पर गाडी पाठवली.

थोड्या वेळानं मला ड्रायव्हरचा फोन आला. "सर, अंकल बैठतेच नहीं. बोलते हैं, गाडी वापस लेके जा."

त्याच्या मागोमाग काकांचा. "सुन्या, मी उतरलो, ये."

मी गेलो. चालत. नाक्यावरच्या बाकावर काका बसले होते, ऑपरेशनचा पाय लांब करून, पिशवी मांडीवर. मला पाहून उठले नाहीत.

"गाडी पाठवतो?" ते म्हणाले. "ताई गेली म्हणून काहीबी पाठवायचं?"

"चुकलं, काका."

"हं, घे," म्हणून त्यांनी पिशवी पुढे केली.

आम्ही हळूहळू घरी आलो. दारातच मीना म्हणाली, "या काका. चहा ठेवू ना?"

काका उंबऱ्यात थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवी खाली न ठेवता तसाच आत गेलो, पाणी आणायला.