उताराला दिलेला रंग

फाल्गुनातल्या सकाळी फरीदाबादकडच्या अरवलीत एक कोरडा, किंचित गोडसर वास भरून असायचा. तापू लागलेल्या दगडांचा, वाळल्या गवताचा आणि दूर कुठेतरी खडी फोडणाऱ्या यंत्रांनी उडवलेल्या धुळीचा. दिल्लीची सीमा ओलांडून नव्या वसाहती तेव्हा टेकड्यांच्या पायथ्याशी येऊन ठेपल्या होत्या आणि त्याच टेकड्यांचा नकाशा करत मी नसीमताईंबरोबर हिंडत होते. नसीमताई सोलापूरच्या, वनस्पतिशास्त्रज्ञ, माझ्याहून वयाने मोठ्या. या उजाड डोंगरात अरण्य पुन्हा कुठे उभं राहू शकेल, ते दाखवण्याचं काम आमच्या छोट्या संस्थेकडे आलं होतं. नुसती राखण केली तरी झाडं परततील तिथे हिरवा रंग, लावावी लागतील तिथे पिवळा, आणि आशाच उरली नाही तिथे करडा. पुढची बांधकामं कुठे होऊ द्यायची आणि कुठे नाही, याचा निर्णय या रंगांवरून व्हायचा होता.

एका वळणावर खाली आमची अर्धवट बांधलेली इमारत दिसली. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी घर माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, निवृत्तीबरोबर सोडावं लागणार होतं, म्हणून आम्ही इथे घर घेतलं होतं. तिथे पोचणारा रस्ता आम्ही उभ्या होतो त्याच उतारावरून आखलेला होता.

उतारावर विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, माजली होती. नसीमताईंनी काटे बाजूला सारले. शेळ्यांनी खुडून खुडून जमिनीलगत गादीसारखी पसरवलेली झुडपं खाली दिसली.

"धौ," त्या म्हणाल्या. "आपल्या धावड्याचा इकडचा भाऊ. मुळं जिवंत आहेत. राखला तर उभा राहील." मग खाली पाहून हळूच विचारलं, "तुझं घर तेच ना? हा भाग मी लिहिते. तू यात पडू नकोस."

"तुम्ही लिहिलंत तरी रंग तोच येणार ना, ताई?"

"तोच."

"मग मीच लिहिते."

संध्याकाळी गॅलरीत बसून मी श्रीकांतला सगळं सांगितलं.

"आपली इमारत जाते त्यात?"

"इमारत नाही, रस्ता. पण घर कधी मिळेल ते मग सांगता येणार नाही."

समोरच्या कडुनिंबाची पानं एकेक करून गळत होती. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "करडा नाही का देता येणार?"

"तिथे करडं काही नाहीये रे."

"अच्छा," इतकंच म्हणून तो आत गेला.

मी हिरवा रंग दिला, तरी उतार पुरता वाचला असं नाही. वरचा भाग राखला गेला, खालचा कापला गेला, रस्ता मोठा वळसा घालून आला. आणि घर इतक्या उशिरा हाती आलं की निवृत्तीनंतरची पहिली वर्षं श्रीकांतने फरीदाबादेत भाड्याच्या खोल्यांत, पुस्तकांची खोकी न उघडता काढली. त्याने मला कधी बोल लावला नाही. मात्र त्या उताराचा विषयही पुन्हा काढला नाही. नव्या घराच्या खिडकीतून उतार रोज दिसत असूनही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तो आपणहून म्हणाला, "चल, वर जाऊन येऊ." गुडघ्यावर हात टेकत, थांबत थांबत चढला. धौ आता डोक्यावरून वर गेला आहे. थंडीने त्याची पानं तांबूस झाली होती आणि त्यांतून गाळून आलेलं ऊन जमिनीवर मंदपणे हलत होतं. श्रीकांतने एका खोडावर तळवा ठेवला, तसाच काही वेळ उभा राहिला, मग खाली बसून म्हणाला, "बस ना जरा."

मी बसले. त्याने मला केव्हाच क्षमा केली होती, की क्षमा करण्यासारखं काही घडलं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने डोळे मिटले होते, चेहऱ्यावरून पानांच्या सावल्या सरकत होत्या, आणि त्या बघता बघता माझ्या ध्यानात आलं, की उत्तराची मला आता घाई उरलेली नाही.