आज समुद्र बरा हाय

"आज समुद्र बरा हाय," असं मामा रोज सकाळी ओट्यावरून जाहीर करायचे. चष्मा कपाळावर ढकललेला, फोन हात लांब करून धरलेला, आणि आवाज असा की नळावर रांग लावून उभ्या असलेल्या आम्हा सगळ्या भाडेकरूंना ऐकू जावा. तुम्ही कारेगावात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, तिथून समुद्र दिसत नाही, त्याचा वाससुद्धा येत नाही. आमची चौकशी टँकर आला का एवढीच. पहिल्या दिवशी तोंडात ब्रश धरून मी हे ऐकलं आणि खोली घेण्यात जरा घाई झाली असं मला वाटलं.

मी राहू गावचा. कारेगावजवळच्या कंपनीत नोकरी लागली, दौंड तालुक्यातून रोजचं जाणं-येणं झेपेना, म्हणून मामांकडे खोली घेतली. मामा म्हणजे आमचे घरमालक. थोडी जमीन, रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आणि समोर त्यांचं घर. त्या घरात ते एकटेच असत. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. गावात कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाचा पोलिसात. बोटीवर गेलेला हा एकच. त्यामुळे समुद्राची काळजी करणाराही गावात एकच.

समुद्र बघायला त्यांना शिकवलं ते माझ्या शेजारच्या खोलीतल्या ओडिशाच्या मुलाने. त्याच्या घरी मासेमारी, तो मात्र कंपनीत वेल्डर. त्याने मामांच्या फोनवर हवामानाचं एक अॅप घालून दिलं. अरबी समुद्राचा नकाशा, त्यावर सरकणारे बाण आणि रंग. "मामाजी, नीला मतलब शांत. लाल मतलब खतरा," एवढाच अभ्यासक्रम. मामा त्यात पहिल्या वर्गात पास झाले. तेव्हापासून नळावर येताना तो मुलगाच आधी विचारायचा, "मामाजी, समुंदर कैसा है?" आणि मामा त्या दिवसाचा समुद्र सांगायचे.

लाटेची उंची मीटरमध्ये मोजणं मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. तरुणपणी त्यांनी विहिरी खणलेल्या. विहिरीची खोली मोजायची परसात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. तेच माप त्यांनी अरबी समुद्राला लावलं. "आज दीड परस लाट हाय," असं ऐकलं की नळावर जरा शांतता पसरायची. मी एकदा त्यांना चिडवलं, "मामा, परस खाली मोजतात, लाट वर जाते."

"पानी ते पानीच," मामा म्हणाले. "मानूस त्यात बुडतो का न्हाई, येवढंच बघायचं."

मामांच्या मुलाचा फोन महिन्यातून कधीतरी यायचा. इंटरनेटवरून यायचा, त्यामुळे तो कुठून बोलतोय ते कळायला मार्ग नसे. इतका समुद्र पाठ असलेला हा माणूस फोनवर समुद्राचं अवाक्षर काढत नसे. "जेवलास का? झोप हुती का? बरं, ठिवतो," एवढ्यात बोलणं संपे. मी म्हटलं, मामा, त्याला विचारत का नाही लाटेचं? तर म्हणाले, "त्यो तितं एकला असतोय. आन् हितनं म्या त्याला भ्या दाखवू व्हय?" मग फोन पंच्याच्या टोकाने पुसत बसले.

त्यांचं गावाशी बिनसलं तेही या समुद्रापायीच. परतीच्या पावसाने त्या वर्षी दगा दिला होता. ज्वारी पेरायची, पण जमिनीत ओल नाही. मारुतीच्या पारावर रोज एकच विषय. आणि एके दिवशी बातम्यांत सांगितलं, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. आपल्याकडे ही बातमी कशी ऐकतात ते तुम्हाला सांगायला नको. पारावर चहा सांगितला गेला. समुद्र ढवळला की इकडे पाऊस, हा सरळ हिशेब. मामा एकटेच उठून चालू लागले.

"आरं कुठं निघाला?" त्यांचे बांधाला बांध असलेले आबा म्हणाले. दोघं शाळेपासूनचे सोबती. "चहा तर घे. दोन दिसांत पाऊस येतोय."

"माझं पोरगं हाय तितं," मामा म्हणाले.

"त्यापायी आमी समद्यांनी रान वाळवायचं का?"

"पाऊस पडू दे की, आबा. म्या कुठं नगं म्हन्तो? वारं नगं, येवढंच म्हन्तो." देवाशी भाव करावा तसं ते बोलले. कुणीतरी हसलं. मामा त्यानंतर पारावर गेले नाहीत.

पट्ट्याचं वादळ झालं. नकाशावर लाल आला, मग लालच्याही पुढचा जांभळा, जो ओडिशाच्या मुलाने शिकवलाच नव्हता. मामांनी त्याला विचारलं, तर तो नुसता "बहुत खराब" म्हणाला. मी कामावरून आलो की त्यांच्याजवळ ओट्यावर बसायचो. टीव्हीवर सांगत होते, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परत यावं. मामा पडद्याकडे बघत म्हणाले, "मच्छीमारांस्नी माघारी बोलिवत्यात. मोठ्या बोटींस्नी कोन बोलिवतं?"

मी मामांच्या मुलाचा नंबर फिरवला. तो नेहमीसारखाच बंद होता. मामांनी भाकरी केली आणि तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कारेगावावर पाऊस कोसळला. शेतं काळी झाली, ओढा वाहिला, पोरं रस्त्यात नाचली. आबा छत्री घेऊन मामांच्या अंगणापर्यंत आले. बहुधा समेट करायचा होता. मामा पन्हाळीखाली पाय भिजवत उभे होते, फोन तेवढा पंच्यात गुंडाळून छातीशी धरलेला. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि छत्री मिटून ते त्यांच्याबरोबर भिजत उभे राहिले. आबांबद्दल माझं मत तेव्हा बदललं.

संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो असताना फोन वाजला. मामांना नीट ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावून दिला.

"आप्पा, तिकडं लय पाऊस झाला म्हणं. बातम्यांत दाखवलं. पत्रे उडाले का?"

"पत्र्याचं मरू दे. तुझी बोट कुठं हाय?"

 मुलगा म्हणाला, "आप्पा, मी बोटीवर नाही. बोट सोडली."

"कवा?"

"गेल्या दिवाळीला. हैदराबादेत आहे. एका मोठ्या हॉटेलचे जनरेटर सांभाळतो. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, घरी ये."

मी आणि आबा जमिनीकडे बघत बसलो. आता मामा भडकणार, असं मला वाटलं. निदान मी तरी भडकलो असतो. फोन जवळ ओढून ते म्हणाले, "म्हंजी, तू भिजला न्हाईस."

"नाही, आप्पा."

"बरं झालं. जेवलास का?"

जवळजवळ वर्षभर हा माणूस रिकाम्या समुद्रावर पहारा देत होता. दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे ब्रश घेऊन नळावर उभे, पण ओट्यावरून आवाज आला नाही. ओडिशाच्या मुलाने सवयीने विचारलं, "समुंदर?" मामांनी हातानेच, ठीक आहे, असं केलं आणि ते आत गेले. पुढे त्यानेही विचारायचं सोडलं. सकाळ नुसती बादल्यांच्या आवाजात उरकायला लागली.

मला ते बघवेना. एका रविवारी मी त्यांच्या फोनवर हैदराबादचं हवामान काढून दिलं. ऊन, तापमान, थोडे ढग. दुसऱ्या दिवशी ऊन. तिसऱ्या दिवशीही ऊन. मामांनी आठवडाभर मन लावून पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"बोटीवर हुता तवा कळायचं," ते म्हणाले. "लाट मोटी, म्हंजी आज त्येला झोप न्हाई. वारं पडलं, म्हंजी आज निवांत जेवला आसंल. आता त्यो जमिनीवर हाय. जमिनीवरच्या मानसाचं काय बघायचं, सांगा."

मी म्हटलं, "मामा, बघायचं कशाला? दौंडवरून थेट गाडी आहे. मी बसवून देतो. एका रात्रीचा तर प्रवास."

"बोलिवलं तर जाईन," मामा म्हणाले.

गाडी दौंडला किती वाजता येते, हे मात्र त्यांनी मला अनेकदा विचारलं. मी सांगायचो, ते मान डोलवायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचे. मुलाचे फोन येत राहिले. जेवलास का, झोप हुती का. तो चांगलाच मुलगा होता, वाईट अजिबात नव्हता. मामांना 'इकडे या' असं तो कधी म्हणाला नाही, एवढंच. मला त्याचा राग यायचा, आणि मग राहूला माझ्या आईला मी स्वतः कधी फोन केला होता ते आठवून तो राग गिळायचो.

मामा थंडीत गेले. सकाळी ओट्यावर दिसले नाहीत म्हणून आम्ही दार ढकललं. झोपेतच गेले होते. मुलगा त्याच थेट गाडीने आला. दौंड स्टेशनवर मीच त्याला घ्यायला गेलो. वाटेत तो एकदाच बोलला. "आप्पांना एकदा हैदराबाद दाखवायचं होतं," म्हणाला.

सगळं उरकल्यावर एका सकाळी तो मामांची शाल पांघरून ओट्यावर बसला होता. ओडिशाचा मुलगा सुट्टीवर गावी गेला होता. त्याला कुणी कळवलं नव्हतं. तो तेवढ्यात बॅग खांद्यावर घेऊन फाटकातून आला. मामांची जागा, मामांची शाल, पाठमोरा बसलेला माणूस. पुष्कळ दिवसांनी परतल्याच्या खुशीत तो जुन्या सवयीने लांबूनच ओरडला, "मामाजी, आज समुंदर कैसा है?"

मामांच्या मुलाने वळून आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुठला समुद्र?" त्याने मला विचारलं.