मामाचं विमान रद्द झालं

माझी भाची विमानं तपासते. हैदराबादला असते. तिची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही, हे मी नाशकात इतक्यांना ऐकवलंय की जॉगिंग ट्रॅकवरची मंडळी मला लांबून बघून वाट बदलत असतील. ती पाळण्यात होती तेव्हाच तिचे वडील गेले. बहीण आमच्या शेजारीच राहायला आली आणि पोर आमच्या दोन घरांत मिळून वाढली. 'मीच वाढवली' असं मी सांगतो. बढाई मारायची खोड आहे मला, काय करणार.

मध्यंतरी तो विमानाचा अपघात झाला. टीव्हीवर तोच धूर, तेच तुकडे, सकाळ-संध्याकाळ. आणि इकडे भाचीचं लग्न ठरलेलं, तेही हैदराबादलाच. बहीण म्हणाली, "दादा, आपण सगळे रेल्वेनेच जाऊ या."

मी तिला झाडलीच. "अगं, रोज आपला द्वारका चौक ओलांडतेस, तेव्हा नाही भीती वाटत? तिथे जास्त माणसं मरतात! आणि जिची पोरगी विमानं तपासते तिने असं बोलावं? खुळी कुठली!" ती तडक तिकिटं काढून आली. माझ्या बायकोला घेऊन आठवडाभर आधी रेल्वेने गेली. मी मात्र ऐटीत सांगून ठेवलं, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विमानाने येतो. तेही भाचीच्याच कंपनीच्या विमानाने.

माझ्या बॅगेत पिवळी साडी होती. आमच्याकडे मुहूर्ताला नवरी मामाने आणलेली पिवळी साडी नेसते आणि अंतरपाट धरला की मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. तिला तर वडीलही नाहीत. साखरपुड्याच्या दिवशी तिने माझा हात धरून बजावलं होतं, "मामा, पाठीशी तूच हवास हं."

ओझरच्या विमानतळावर विमानात जाऊन बसलो. खिडकीची जागा. पट्टा बांधला. पाऊस पडून गेलेला, हवा दमट. एवढ्यात डोक्यावरच्या फटींतून पांढरं काहीतरी भसाभसा खाली यायला लागलं. झालं! टीव्हीवरचा तो सगळा धूर माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पट्टा काढला नि ओरडलो, "धूर येतोय! मला उतरायचंय!"

हवाई सुंदरी धावत आली. भाचीच्याच वयाची पोर. "सर, एसीची वाफ आहे ती. दमट हवेत येते. दोन मिनिटांत थांबेल."

"मला शिकवू नकोस! दार उघड आधी!"

दार उघडंच होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बसा ना, काय पोरासारखं करताय." त्याच्या शेजारच्या बाईंनी लेकराला छातीशी धरलं होतं. त्या धुराला नाही, मला घाबरल्या होत्या. मी खाली मान घालून उतरलो. माझी बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढेपर्यंत सगळं विमान खोळंबलं. खिडक्यांतून माणसं माझ्याकडे बघत होती. वाफ तर केव्हाच थांबली होती.

मग विमान गेलं. व्यवस्थित गेलं. मी बॅग घेऊन बाहेर उभा, आणि बहिणीला फोन लावला. 'घाबरलो' हा शब्द काही तोंडातून निघेना. तिला खुळी म्हणालो होतो ना मी! म्हणालो, "अगं, विमान रद्द झालं. काहीतरी बिघाड निघाला म्हणे. गाडी करून येतो, काळजी करू नको."

गाडी मिळायलाच वेळ गेला. वाटेत ड्रायव्हर पेंगत होता, मी त्याच्याशी बडबड करत त्याला जागा ठेवत होतो. विमानातून जीव वाचवून उतरलेला मी! सोलापूरच्या पुढे टायर बसलं. कार्यालयात पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता.

सगळे खोळंबले होते. भाची साडीसाठी थांबली होती आणि माझ्यासाठीही. कुणा चुलत मामाला उभं करू या, साडी दुसरी नेसू या, असं चार जणांनी सुचवून पाहिलं म्हणे. तिने ऐकलं नाही. गुरुजींना पुढची वेळ काढायला लावली. साडी हातात घेताना ती फक्त म्हणाली, "चहा घेतलास का रे?"

अंतरपाट धरला. मी तिच्या पाठीशी उभा राहिलो, चुरगळलेल्या शर्टात, दाढी वाढलेली. समोर तिच्या कंपनीची माणसं हातात अक्षता घेऊन उभी होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही सगळी विमानवाली माणसं! कुठलं विमान उडालं, कुठलं नाही, हे ज्यांना खिशातल्या फोनवर दिसतं, त्यांच्या मांडवात मी विमान रद्द झाल्याची थाप मारली होती.

मान न वळवता भाची हळूच म्हणाली, "मामा, विमान व्यवस्थित उतरलं रे काल."

मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"बिघाड होता असंच मी सगळ्यांना सांगितलंय," ती म्हणाली. "तूही तेच सांग."

विमानात बारीकसा दोष दिसला तरी सही न करणारी पोर ती. नसलेला दोष स्वतःच्या कंपनीच्या विमानावर टाकून मोकळी झाली होती, स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या साहेबांसमोर. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे अक्षता टाकत होते, माझा हात वर जाईना.

जेवताना तिचे साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. भला माणूस. आवाज अगदी मऊ ठेवून म्हणाले, "मामाजी, सुना फ्लाइट कॅन्सल हो गई थी? बहुत तकलीफ हुई होगी आपको."

मी भाचीकडे बघितलं. ती नवऱ्याला घास भरवत होती, पण कान आमच्याकडेच होते.

"हां जी," मी म्हणालो. "विमान में कुछ खराबी थी."

तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि वाढप्याला माझ्या पानात जिलेबी वाढायला सांगितली.